बंबवालीच्या दारावरून

अन्याय झाला तो आमच्या गावच्या बंबवालीवर. कधी झाला तेही सांगतो: गेल्या चैत्र पौर्णिमेला, उन्हं कलून वळचणीखाली शिरली तेव्हा. गावदेवीची पालखी माझ्या धर्मीकाकीच्या दारातून उठली आणि शेजारच्या बंबवालीच्या दारावरून न थांबता पुढे निघून गेली. सगळं गाव रस्त्यावर होतं, त्यामुळे साक्षीदार हवे तेवढे आहेत. बोलणारे नाहीत.

हे माझं आधी पत्रकात लिहून झालंय. कर्जतला छापून आणलं, कडावच्या बाजारात उभं राहून वाटलं, आणि लोक त्याच पत्रकात सुकट बांधून घरी गेले. मग दुसरं काढलं, जास्त जहाल. त्यातही सुकटच गेली. तिसरं लिहायला बसलो तेव्हा कळलं की मी दमलोय. राग गेलेला नाही. पण त्याला रोज सकाळी उठवायचं, तोंड धुवायचं आणि उभं करायचं, याचा शीण आलाय. शिवाय पत्रकात बाई बसत नाही. पत्रकात ती 'एक निराधार विधवा भगिनी' होते. आमच्या बंबवालीला कुणी तोंडावर निराधार म्हटलं असतं तर तिनं त्याला केरसुणीचा आधार दिला असता. म्हणून या खेपेला मागणी शेवटी ठेवतो आणि आधी बाई सांगतो.

बाई बेताच्या उंचीची, रंगानं काळी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. आवाज असा की तिनं अंगणातून हाक मारली तर कालव्यापलीकडची म्हैस मान वर करते. सोलापूर जिल्ह्यातली, सांगोल्याच्याही पलीकडची. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती नवऱ्यामागून इथे आली. नवरा कालव्यावर पाटकरी होता, म्हणजे कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे बघणारा सरकारी माणूस. घाट उतरून आलेला माणूस आमच्याकडे घाटीच. मग तो पाटकरी असो की कलेक्टर.

डोंगराशी तिचं वैर होतं. आमच्या गावातून पूर्वेला बघितलं की घाट आडवा पडलेला दिसतो, ठाकुरवाडीकडे चढणाऱ्या आगगाडीचा आवाज वारा असेल त्याप्रमाणे येतो. पावसाळ्यात ढग त्या भिंतीला येऊन थटतात आणि सगळं आमच्यावर रिकामं करतात. आठ-आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, मिठाचं पाणी होतं, काडेपेटी छातीशी धरून झोपावं लागतं. बाई दारात उभी राहायची, पदर डोक्यावर, आणि डोंगराला शिव्या द्यायची.

"चोर हाईस तू! माझ्या माहेरचा पाऊस अडवून ठिवतोस व्हय रं! सोड की थोडा वर! हितं कुनाला पायजे हा, ह्यांची मिरची कुजाया लागली!"

आम्ही पोरं वळचणीखाली बसून हे ऐकायचो. आमच्यासाठी डोंगर म्हणजे डोंगर. तो कुणाचं काही अडवतो हे आम्हाला पहिल्यांदा तिनं सांगितलं. शाळेत पुढे भूगोलाच्या मास्तरांनी पर्जन्यछाया शिकवली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ही तर बंबवालीची शिवी."

आता बंबवाली हे नाव कसं पडलं ते.

आमच्याकडे भाताची रोपं आधी एका तुकड्यात वाढवतात आणि मग उपटून शेतात लावतात. तो रोपांचा तुकडा उन्हाळ्यात भाजून काढायचा. पाला, फांद्या, गवत, शेण यांचे थर मांडायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. तो धुमसत राहतो आणि बायका बाजूला सावलीत बसून गप्पा मारतात. लक्ष ठेवायचं एवढंच काम. कोकणातल्या माणसाला यात सांगण्यासारखंही काही वाटणार नाही.

पण ती सांगोल्यापलीकडची. तिच्या मुलखात रान पेटलं तर एकच अर्थ: वैऱ्यानं गंज पेटवली. भावकीत भांडण झालं की एकाच्या कडब्याची गंज जळायची, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. इथे येऊन महिना झाला नव्हता. नवरा कालव्यावर लांब गेलेला. ती कालव्याकाठच्या खोलीतून बाहेर आली तर समोर कुणाचं तरी रान धुमसतंय आणि बायका बाजूला बसून पान खातायत. तिला वाटलं, धक्क्यानं बसल्यात बिचाऱ्या.

"गंज पेटली! धावा गं धावा!" असं ओरडत तिनं घागर उचलली आणि कालव्याचं पाणी आणून ओतायला सुरुवात केली. एकामागून एक घागर. वाफेचा हा लोट उठला. राब धर्मीकाकीचा होता. त्याचा पाला गोळा करायला काकीनं अख्खा माघ आणि फाल्गुन डोंगर तुडवला होता.

काकी धावली. "अगं ए बये! काय करतंस! राब हाय तो, राब!"

"राब का फाब, आग हाय की डोळ्याम्होरं!"

"आग आमीच लावलीय!"

"सवताच्या रानाला? आन् शेन रानात जाळता? लक्ष्मी जाळता? याड लागलं का काय गावाला!"

"याड तुला लागलंय! ठेव ती घागर!"

काकीनं तिचा अंबाडा धरला. तिनं काकीवर उरलेली घागर ओतली. दोघींना सोडवायला माणसं आली तोवर राब अर्धा विझला होता आणि दोघी चिखलानं माखल्या होत्या. मुंबईला आगीचा बंब बघून आलेला एक जण त्यातच हसून म्हणाला, "पाटकऱ्यानं बायको नाय आनली, बंब आनलाय!" झालं. त्या दिवसापासून बाईचं खरं नाव गावातून गेलं. पुढे रेशनकार्डावर नाव घालायची वेळ आली तेव्हा तलाठ्यानं विचारलं आणि चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्या वर्षी काकीचं रोप मरतुकडं आलं. काकी वर्षभर तिच्याशी बोलली नाही. बंबवाली मात्र बोलत होती, एकटीच, काकीच्या शेताच्या कुंपणाबाहेरून, काकीला ऐकू जाईल अशी. "मी काय वाईटासाठी केलं व्हय? पानी घालनारीचा अंबाडा धरत्यात हितं."

आता मध्ये बरीच वर्षं सोडतो आणि तिचा नि माझा सामना सांगतो. मी कॉलेजात जाऊन पत्रकं लिहायला शिकलो होतो आणि तरुण मंडळात जे दिसेल त्यावर पत्रक काढत होतो. शेतीखात्याच्या एका साहेबाचं कर्जतला भाषण झालं: राब जाळू नका, डोंगर बोडके होतात, त्यापेक्षा खत वापरा. मला पटलं. मी पत्रक लिहिलं आणि म्हटलं, गावात हे पहिलं कुणाला पटेल तर बंबवालीला. तिच्या अंगणात गेलो. ती पाटीत कवळ भरत होती, म्हणजे राबासाठी तोडलेला ओला पाला. मी उभ्यानं पत्रक वाचून दाखवलं, हातवारे करून.

तिनं सगळं ऐकलं. "कुनी लिवलं ह्ये?"

"मी, मावशी."

"बरं लिवलंस. तोंडाला फेस आला आसंल. आन् ह्ये सांगितलं कुनी?"

"साहेबांनी. मोठे साहेब आहेत, पुण्याहून आलेत."

"पुन्याचा?" तिनं पाटी खाली ठेवली. कंबरेवर हात. "म्हंजे घाटी! पुढारी, अरं घाटी मानसाला राबातलं काय कळतंय? मातीला चटका बसल्याबिगर हितं रोप उठत नाय. जा, चुलीत घाल त्यो कागद."

कुंपणापलीकडून धर्मीकाकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी कागद घडी करून घरी आलो. मात्र एक गोष्ट कानात राहिली. ती 'न्हाई' नाही म्हणाली. 'नाय' म्हणाली.

तिचं एक म्हणणं होतं. आमच्या गावात नवी सून आली आणि रडायला लागली की तिला बंबवालीकडे पाठवायचे. बंबवाली तिला समोर बसवून सांगायची, "हे बघ, सवय म्हंजे सासू. आदी छळती, मंग तिच्याबिगर करमत नाय." स्वतःची सगळी सासुरवास-कथा ती जेवणावरून सांगायची. पहिल्या वर्षी तिला सुकटीच्या वासानं भोवळ यायची. ती नाकाला पदर लावून गल्लीतून जायची आणि बायका मुद्दाम दारात सुकट भाजायच्या. तांदळाच्या भाकरीला ती 'कागद' म्हणायची. "पोटात जाऊन बसत न्हाई, भटकत राहती," म्हणायची. मग तिनं परसात ज्वारी पेरली. आमच्या पावसात! ज्वारी पुरुषभर उंच झाली, हिरवीगार, गाव बघायला आलं, आणि कणसात दाण्याऐवजी काळी बुरशी. तिनं ती कापून म्हशींना घातली आणि डोंगराला एक जादा शिवी दिली.

पुढे हीच बाई सुकटीत वाळवलेल्या कैरीची आंबोशी नसली तर भांडायला लागली.

इरलं घेऊन लावणीला वाकायलाही ती शिकली. इरलं म्हणजे पाठीवर घ्यायचं पानांचं छप्पर. आमच्या बायका ते घेऊन पावसात दिवसभर वाकून रोपं लावतात. तिची पहिली लावणी बघून बायकांनी विचारलं होतं, "हे भात लावलंय का सापानं रांगोळी काढलीय?" पण नवरा गेल्यावर पोटासाठी तिनं सगळ्या गावाची लावणी केली. आज आमच्या गावात असं एकही शेत नाही ज्याच्या चिखलात तिचा पाय गुडघ्यापर्यंत रुतलेला नाही. हे वाक्य मी दोन्ही पत्रकांत ठळक अक्षरात छापलं होतं.

नवरा गेला तो आणीबाणीच्या आदल्या पावसाळ्यात. कावीळ. तोवर पाटकऱ्यानं माझ्या काकाकडून काकीच्या घराशेजारचा तुकडा विकत घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. नदीला पूर होता, चितेचं लाकूड ओलं. रॉकेल ओतून ओतून पेटवावं लागलं. मी तेव्हा शाळेत होतो, पण तिच्या घरातली ती संध्याकाळ मला आठवते. आमच्याकडे असल्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजार भाकरी आणतो. सगळ्यांनी तांदळाच्या भाकरी आणल्या. बाई भिंतीला टेकून बसलेली, कशाला हात लावेना, कुणाशी बोलेना. तिचा तो आवाज बंद झालेला बघून मला भीती वाटली.

मग धर्मीकाकी आली. हातात पितळी, पितळीत ज्वारीची भाकर. काकीनं जन्मात पहिल्यांदा ज्वारी थापली होती. पीठ तिच्याच डब्यातून विचारल्याशिवाय घेतलेलं. भाकर तव्यावर तीन ठिकाणी फाटली होती, एक कडा जळलेली. काकीनं ती तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "झाली तशी झाली. खा."

बंबवालीनं भाकरीकडे बघितलं. म्हणाली, "ही थापली का तुडवली?"

आणि मग रडली. आणि मग खाल्ली.

तेरावा झाल्यावर तिचा भाऊ तिला वर घेऊन गेला. गाव धरून चाललं की विषय संपला. काकी मात्र रोज तिच्या खोल्यांचं दार उघडून चुलीत धूर करायची, नाहीतर पावसात कौलाखालचं लाकूड सडतं. दिवाळीच्या आत बाई परत. एसटीतून उतरली, बोचकं डोक्यावर, आणि स्टँडापासूनच बोलत आली. तिकडे तिला झोप लागेना, कारण पाऊस वाजत नव्हता. तिनं भावजयीकडे सुकट मागितली तर भावजय म्हणाली, बाई कोकणात बाटली. पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करायला लागली: आत्या नाय म्हणते, आत्या हाव म्हणते.

"हितं मी घाटी," ती काकीला म्हणाली, "तितं कोकनी. मंग म्हनलं, जितं मानूस जळला तितं बरं."

काकी म्हणाली, "पाय धू आधी. मग बोल."

आता पालखी.

चैत्र पौर्णिमेला आमच्या गावदेवीची पालखी दारोदार जाते. प्रत्येक दाराशी टेकते. घरातली बाई, मग ती सवाशीण असो की विधवा, खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी घालते, देवीची ओटी भरते, नारळ ठेवते. कुठल्या घरापुढे थांबायचं हे गावकी ठरवते. गावकी म्हणजे गावातल्या मूळ घरांची बैठक. जे घर गावकीत नाही त्याच्या दाराशी देवी थांबत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. म्हणूनच ते पुसता येत नाही.

बंबवालीचं घर पालखीच्या वाटेवर, काकीच्या घराला लागून. दर वर्षी ती सकाळपासून सडा घालायची, रांगोळी काढायची. रांगोळी मात्र तिच्या माहेरची, गोपद्मांची आणि ठिपक्यांची; आमच्या बायका नाकं मुरडायच्या. तांब्या भरून ठेवायची, नारळाला हळदकुंकू लावायची आणि दारात उभी राहायची. पालखी काकीच्या दारातून उठायची आणि तिच्या दारापाशी आली की वाजंत्री घाई करायचे. हे मी लहानपणापासून बघत आलोय. ताशा तिथेच जोरात. खांदेकरी तिथेच पाय उचलायचे आणि मान समोर ठेवायचे. चार पावलांत दार मागे.

मग ती स्वतःच नारळ फोडायची आणि संध्याकाळी घरोघर खोबरं वाटायची. कुणी चुकचुकलं तर म्हणायची, "देवी गडबडीत हुती गं. आवंदा लई घरं हुती तिला. पुढल्या साली बसंल."

लोक खोबरं खायचे. मीही खाल्लंय.

गेल्या माघात आम्ही तरुण मंडळाच्या पोरांनी गावकीत हा विषय काढला. गावकीचे पंच नाना. माणूस दुष्ट नाही. दुष्ट असता तर भांडायला बरा पडला असता. पान लावत म्हणाले, "घर हाय, मान्य. बाई कष्टाची हाय, मान्य. पन मूळ कुठं हाय तिचं? मूळ नाय गावात."

मी घरी येऊन काकीला सांगितलं. काकी तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "सांग त्याला, रोप राबातच ठेवलं तर पिवळं पडून मरतं. उपटून दुसरीकडं लावतात तेव्हा भात होतो."

मी पुढच्या बैठकीत हे सांगितलं. नाना म्हणाले, "खरं हाय. पन रोपाला पालखी लागत नाय."

बैठक हसली. तरी आम्ही हटलो नाही. तिसऱ्या बैठकीला नाना कंटाळले आणि म्हणाले, "बरं रं बाबांनो. थांबवा. एकदाचं होऊन जाव दे." सगळ्यांसमोर म्हणाले. मी धावत जाऊन तिला सांगितलं. ती शेण थापत होती. हात तसेच घेऊन उठली. मग आत गेली आणि बाहेर येऊन म्हणाली, "पुढारी, चौरंग लागंल. माझ्याकडं चौरंग नाय."

चौरंग मी आणला, मंडळाचा. तिनं घर चुन्यानं रंगवलं. भावाला सांगावा धाडला. भाऊ आला, नवी टोपी घालून, भावजयीलाही घेऊन. ज्या भावजयीनं बाटली म्हटलं होतं तिला बंबवालीनं मुद्दाम पुढे उभं केलं. रांगोळी या खेपेला आमच्याकडच्यासारखी काढली. काकीला विचारून विचारून.

काकीच्या दारातून पालखी उठली. मी बंबवालीच्या अंगणात चौरंग धरून उभा होतो. ती तांब्या घेऊन पायरीवर. ताशा वाढला. मला कळलं. असा ताशा वाढला की काय होतं ते मला माहीत होतं. मी ओरडलो, "थांबा! ठरलंय!" ताशापुढे माझा आवाज तो काय. काकी स्वतःच्या दारातून धावत रस्त्यावर आली आणि म्हणाली, "अरं पोरांनो, माज्या दारातलं पानी तुमच्या पायावर अजून ओलं हाय! तिचं पन घ्या!" खांदेकऱ्यांतल्या एकानं तिच्याकडे बघितलं. एकानंच. पाय त्याचेही चालूच होते.

पालखी गेली.

मी नानांना गाठलं. म्हणाले, "दोन-चार घरं नाय म्हनाली रं आयत्या वेळी. कुठं वाद करायचा देवीच्या दिवशी. पुढल्या साली बघू."

एवढं झालं असतं तर मी कदाचित पत्रकावरच थांबलो असतो. पण त्याच फेरीत, गावाच्या टोकाला, पालखी एका नव्या बंगल्याशी थांबली. मुंबईच्या एका शेठनं तिथे जमीन घेतलीय. दोन पावसाळे झाले नाहीत. तो शनिवारी मोटारीनं येतो, रविवारी जातो. देवळाच्या मंडपाला त्यानं पत्रे दिले. त्याचं मूळ कुठल्या गावकीत आहे हे नानांनी विचारलं नाही. शेठ चपला घालून बाहेर आला. त्याला सांगून काढायला लावल्या. कुत्रा भुंकत होता, त्याला बांधायला लावलं. पायावर पाणी घालायचं असतं हे शेठाणीला माहीत नव्हतं. तिनं फोटो काढला. शेठनं खांदेकऱ्याला विचारलं, "कितना टाइम बैठेगी?"

देवी तिथे बसली. आरामात बसली.

मी परत आलो तेव्हा बंबवाली पायरीवर तशीच होती. भाऊ टोपी हातात घेऊन उभा. भावजय रांगोळीकडे बघत होती. बाई भावाला म्हणाली, "गडबडीत हुती रं देवी." आवाज तिचा नव्हता. भावानं टोपी घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी जाताना मात्र म्हणाला, "चल ताई. बास झालं आता."

ती गेली नाही. तेव्हा नाही गेली. पण त्या वर्षी तिनं नारळ फोडला नाही. खोबरं वाटलं नाही. हळदकुंकू लावलेला तो नारळ चुलीवरच्या फळीवर ठेवून दिला. आता तो हलवला तर आतली वाटी खडखडते, पाणी आटलंय. पावसाळ्यात मी लक्ष ठेवून होतो: डोंगराला शिवी देते का. नाही दिली. ढग आले, थटले, गेले. मी विचारलं, "मावशी, डोंगराला काही बोलत नाही यंदा?" ती म्हणाली, "त्याला काय बोलायचं. त्यो तर उघड चोर हुता."

धर्मीकाकीला तिनं सांगून ठेवलंय. काकीनं मला सांगितलं, आणि सांगताना काकीचं सूप थांबलं होतं. "पुढल्या चैत्रापातूर बघती. नाय थांबली तर दार लावून जाती वर." वर म्हणजे जिथे तिच्या बोलण्याची पोरं नक्कल करतात, जिथे पाऊस वाजत नाही. तिथे ती जगेल किती, ते मी सांगत नाही. रोप एकदा लावल्यावर पुन्हा उपटलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही शेतकरी आहात.

नानांना विनंती करून झाली. गावकीला अर्ज करून झाला. देवीलाही म्हणून झालं. तिला दोष नाही. ती खांद्यावर असते, नेतील तिकडे जाते. आता तुम्ही उरलात. खांदेकरी कोण असतात? आमच्या गावचे नसाल तर तुमच्या गावचे आठवून बघा: तुम्ही, तुमचा भाऊ, तुमचा मुलगा. नाना पालखी उचलत नाहीत. नाना मागून चालतात, छत्री घेऊन.

येत्या चैत्र पौर्णिमेला ती सडा घालणार आहे. चौरंग मी धरणार आहे. तिच्या दारापाशी ताशा वाढेल, तेव्हा पायांना घाई होऊ देऊ नका. कुणाला विचारू नका, मागे वळून बघू नका. त्या दारापाशी थांबा, आणि खांदा खाली करा.